एकाच दिवशी दोन सण



आज आपण पंधरा ऑगस्टचा धडा वाचणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हा दिवस आम्हांला ठाऊक आहे. झेंडा चढतो, पोरे गाणी म्हणतात, खाऊ मिळतो. त्यात नवीन ते काय?" खरे आहे. पण आपल्या महाराष्ट्रात अशीही गावे आहेत की जेथे पंधरा ऑगस्टला दोन सण एकदम येतात. सकाळी शाळेची घंटा वाजते आणि चर्चचीही घंटा वाजते. या दोन घंटांची गोष्ट आम्ही सांगणार आहोत. तीत चूक आमची होती, हे आधीच सांगून टाकतो.

आमची चूक

वसईचे नाव तुम्ही ऐकले असेल. मुंबईच्या उत्तरेला समुद्राकाठी हा तालुका आहे. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथे केळीच्या बागा आहेत. तेथील लोक बागेला वाडी म्हणतात. वाडीत केळी, पानवेल, भाजी आणि फुले होतात. पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी मुंबईच्या बाजारात जातात.

या भागात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्ती लोकही पुष्कळ आहेत. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात येथील बरीच घराणी ख्रिस्ती झाली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज निघून गेले. लोक मात्र कुठे जाणार? ते इथलेच होते. त्यांची जमीन इथली, बोली इथली. आजही ते घरी आपल्या मराठी बोलीतच बोलतात.

आम्ही देशावरचे. आमच्या घरी पंढरीची वारी. १९९४ साली आमची बदली वसईकडच्या एका गावी मुख्याध्यापक म्हणून झाली. ऑगस्ट महिना आला. आम्ही फळ्यावर सूचना लिहिली : 'पंधरा ऑगस्टला सकाळी साडेसात वाजता झेंडावंदन. सर्व मुलांनी व पालकांनी हजर राहावे.'

त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. साडेसातला पाहतो तर निम्मी मुले गैरहजर! आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. मग झेंडा चढवला. राष्ट्रगीत झाले. गावातले एक गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, "बघा गुरुजी, या लोकांना देशाचे काही नाही. झेंडा सोडून चर्चमध्ये जाऊन बसलेत."

आम्ही काही बोललो नाही. पण खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच आले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्या मुलांना उभे केले आणि रागे भरलो. "देशासाठी वर्षातून एक तास काढता येत नाही तुम्हांला?" असे म्हणालो. चौथीतली एक मुलगी रडू लागली.

संध्याकाळी तिची आजी शाळेत आली. भाजी विकून ती तशीच परस्पर आली होती. रिकामी पाटी तिने दाराशी ठेवली आणि म्हणाली, "गुरुजी, माझ्या नातीला का बोललात?"

आम्ही कारण सांगितले. आजीने ते शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "काल आमचा मरियामातेचा सण होता. मिस्सा साडेसातला असते. वर्षानुवर्षे त्याच वेळेला असते. पोर शाळेचा गणवेश घालूनच चर्चला आली होती. मिस्सा संपल्याबरोबर चिखलातून पळत पळत शाळेत गेली. तोवर तुमचा झेंडा चढून गेला होता आणि फाटकाला कुलूप होते. घरी येऊन ती जेवली नाही. वेळ ठरवताना तुम्ही कोणाला विचारलेत का, गुरुजी?"

आम्ही कोणालाही विचारले नव्हते. त्या गावी असा सण असतो, हेसुद्धा आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही आजीची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलांचीही मागितली. शिक्षक झाला तरी चुकतो. चूक कळली की ती कबूल करावी.

मरियामातेचा सण

मग आम्ही त्या सणाची माहिती करून घेतली. ती तुम्हांलाही सांगतो.

मरिया ही येशू ख्रिस्ताची आई. कॅथलिक पंथाचे ख्रिस्ती लोक असे मानतात की, पृथ्वीवरचे आयुष्य संपल्यावर देवाने तिला देहासह स्वर्गात नेले. या सणाला 'स्वर्गोन्नयन' म्हणतात. शब्द मोठा आहे, पण फोडून पाहिला की सोपा होतो. स्वर्ग अधिक उन्नयन. उन्नयन म्हणजे वर नेणे. आता शेजारी दुसरा शब्द ठेवून पाहा : ध्वजारोहण. ध्वज अधिक आरोहण. आरोहण म्हणजे वर चढणे. त्या दिवशी गावात हे दोन्ही मोठे शब्द एकदम ऐकू येतात.

सगळेच ख्रिस्ती लोक हा सण पाळतात असे नाही. प्रॉटेस्टंट पंथाचे लोक तो पाळत नाहीत. अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. त्या बाजूला प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पुष्कळ आहेत. कवी नारायण वामन टिळक यांनी तिकडेच काम केले. पंधरा ऑगस्टला देशासाठी प्रार्थना मात्र दोन्ही पंथांचे लोक करतात.

मिस्सा म्हणजे कॅथलिक लोकांची मुख्य उपासना. तीत बायबलमधले उतारे वाचतात. फादर उपदेश करतात. सर्वांसाठी प्रार्थना होते. मग भाकर आणि द्राक्षारस देवाला अर्पण करतात आणि भाविक तो प्रसाद घेतात. पूर्वी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. सामान्य माणसाला त्यातले शब्द कळत नसत. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये धर्मगुरूंची मोठी परिषद झाली. त्यानंतर लोकांच्या भाषेत उपासना होऊ लागली. आता वसईत मिस्सा मराठीत होते. आपल्या भाषेतले शब्द कळले की किती बरे वाटते, हे नव्याने वाचायला शिकलेल्या तुम्हांला आम्ही काय सांगावे?

त्या दिवशी चर्चमध्ये बायबलमधला एक ठरावीक भाग वाचतात. त्यात मरियेचे गीत आहे. त्याचा भाव असा की, देव गर्विष्ठ सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढतो, दीनदुबळ्यांना वर उचलतो आणि भुकेल्यांना पोटभर देतो. आता विचार करा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्या देशावरचे परक्यांचे राज्य गेले. त्याही दिवशी कॅथलिकांच्या चर्चमध्ये मरियामातेचाच सण होता.

तारीख एकच कशी?

काही लोक म्हणतात, "यांनी मुद्दाम आपल्या स्वातंत्र्यदिनी सण ठेवला." हे खरे नाही. हा सण हजार वर्षांहून जुना आहे. आपल्या स्वातंत्र्याची तारीख त्यानंतर कितीतरी शतकांनी ठरली.

ती कशी ठरली? दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती जाहीर केली, तो दिवस होता १५ ऑगस्ट १९४५. पुढे १९४७ साली लॉर्ड माउंटबॅटन हे भारताचे व्हाइसरॉय होते. जपानच्या शरणागतीला दोन वर्षे होत होती, म्हणून सत्ता सोडण्यासाठी त्यांनी तोच दिवस निवडला. त्यांच्या मनात युद्ध होते, मरियामातेचा सण नव्हता. दोन वाटा वेगवेगळ्या गावांहून याव्यात आणि एका चौकात मिळाव्यात, तसे हे झाले.

शेजारच्या गोव्याची गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९४७ साली गोवा स्वतंत्र झाला नाही. तेथे पोर्तुगीजांचे राज्य चालूच होते. पंधरा ऑगस्टला गोव्यातही मरियामातेचा सण होई. पण तिरंगा उभारण्याची तेथे सोय नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी महाराष्ट्रातून आणि देशाच्या इतर भागांतून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कित्येक जण ठार झाले. शेवटी १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

या लढ्यात ख्रिस्ती माणसेही होती. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे त्यांतले मोठे पुढारी. पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडून पोर्तुगालमधल्या तुरुंगात ठेवले. राज्यकर्तेही ख्रिस्ती आणि कैदीही ख्रिस्ती! यावरून काय दिसते? धर्म एक असला म्हणून गुलामी गोड लागत नाही.

आपल्या मुंबईचे जोसेफ बॅप्टिस्टा हेही ख्रिस्ती. लोक त्यांना प्रेमाने 'काका' म्हणत. ते लोकमान्य टिळकांचे सहकारी. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली, तेव्हा तिचे अध्यक्ष काका बॅप्टिस्टा झाले. पुढे आपली राज्यघटना तयार झाली. ती करणाऱ्या सभेचे एक उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा जन्मही ख्रिस्ती कुटुंबातला.

राज्यघटनेच्या २५ व्या कलमात प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र सार्वजनिक शांतता, नीती आणि आरोग्य यांना बाध येता कामा नये. घटनेत ५१-अ हे कलम १९७६ सालच्या दुरुस्तीने घातले. राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा मान राखणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे त्यात सांगितले आहे. एक हक्क आहे, दुसरे कर्तव्य आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. आमच्या त्या चौथीतल्या मुलीला दोन्ही पाळायचे होते. आड आली होती ती आमची साडेसातची वेळ.

पुढच्या वर्षी काय केले?

१९९५ सालच्या जुलैत आम्ही फादरांना भेटायला गेलो. बरोबर सरपंच होते आणि ती आजीही होती. चहा झाला. आम्ही म्हणालो, "फादर, दोन्ही घंटा एकाच वेळी वाजतात. काहीतरी करायला हवे."

फादर म्हणाले, "गुरुजी, आम्हीही तुमच्याकडे यायला हवे होते. आलो नाही. चूक दोघांची."

पाव तासात निर्णय झाला. मिस्सा साडेसहाला ठेवायची आणि झेंडावंदन आठला. कोणी म्हणाले, "साडेसहा म्हणजे लवकर होईल." तेव्हा आजी हसून म्हणाली, "आम्ही तीन वाजता उठून भाजी बांधतो. आम्हांला साडेसहा म्हणजे उशीरच!"

त्या वर्षी मिस्सेत देशासाठी प्रार्थना झाली. शेतकऱ्यांसाठी, सैनिकांसाठी आणि राज्यकारभार करणाऱ्यांसाठीही झाली. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, असे संत पौलाने आपल्या पत्रात सांगून ठेवले आहे, असे फादर म्हणाले. मिस्सा संपली. शाळेची प्रभातफेरी चर्चच्या फाटकाशी येऊन थांबली होती. चर्चमधून निघालेली माणसे तीत सामील झाली. पुढे गावचा बँड, मागे मुले, त्यामागे आयाबाया आणि म्हातारी माणसे. पाऊस होताच. छत्र्या कमी आणि माणसे जास्त!

झेंड्यात बांधायला फुलांच्या पाकळ्या लागतात. त्या वर्षी पाकळ्यांचे ताट त्या मुलीने आणले. तिच्या आजीच्या वाडीतली फुले होती. आम्ही दोरी ओढली. झेंडा वर गेला, उघडला आणि पाकळ्या खाली आल्या. ज्या गृहस्थांनी आदल्या वर्षी आमच्या कानाशी कुजबुज केली होती, त्यांच्याही डोक्यावर त्या पडल्या. राष्ट्रगीतानंतर खाऊ वाटला. ग्रामपंचायतीची जिलबी आणि वाडीतली केळी. ते गृहस्थ केळी वाटायला उभे राहिले होते. आम्ही त्यांना काही म्हणालो नाही. म्हणण्याची गरज उरली नव्हती.

झेंड्याचा मान

पुढे काही वर्षांनी आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. सणाच्या उत्साहात कोणीतरी चर्चच्या अंगणात लहान लहान तिरंग्यांचे तोरण बांधले. गावच्या मंडपातही तसेच तोरण होते. हेतू चांगला होता. पण नियम तसा नाही. २००२ साली सरकारने ध्वजसंहिता लागू केली. ध्वजसंहिता म्हणजे झेंड्याच्या नियमांचे पुस्तक. त्यात लिहिले आहे की, राष्ट्रध्वजाचे तोरण किंवा पताका करू नये. शोभेसाठी तो वापरू नये. आम्ही ते वाचून दाखवले. फादरांनी आणि मंडपवाल्यांनी तोरणे उतरवली आणि रंगीत कागदाच्या साध्या पताका लावल्या.

हे नियम घरीदारी, चर्चमध्ये, देवळात, मशिदीत सगळीकडे सारखेच आहेत. नीट वाचा आणि ध्यानात ठेवा :

१. झेंडा लावताना केशरी पट्टी वर असावी.

२. झेंडा जमिनीला लागू देऊ नये. फाटका किंवा मळका झेंडा लावू नये.

३. झेंड्यावर काही लिहू नये. टेबलावर किंवा वेदीवर तो चादरीसारखा अंथरू नये.

४. दुसरा कोणताही झेंडा तिरंग्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने लावू नये. धर्माचा नाही, पक्षाचाही नाही.

५. झेंडा झपकन चढवावा आणि सावकाश, मानाने उतरवावा.

६. झेंड्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही.

७. कागदाचे लहान झेंडे कार्यक्रमानंतर रस्त्यावर टाकू नयेत. गोळा करून मानाने त्यांची विल्हेवाट लावावी.

८. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचे आहे. तेवढा वेळ ताठ आणि स्तब्ध उभे राहावे.

आणखी एक बारीक फरक. पंधरा ऑगस्टला झेंडा खाली बांधलेला असतो. तो दोरीने वर चढवतात आणि मग फडकवतात. सव्वीस जानेवारीला तो आधीच वर बांधून ठेवलेला असतो आणि दोरी ओढून फक्त उलगडतात. का? पंधरा ऑगस्टला आपला झेंडा पहिल्यांदा वर चढला, त्याची ती आठवण आहे.

शेवटची गोष्ट

आम्ही आता निवृत्त झालो आहोत. पण त्या गावाचे बोलावणे येते. २०१९ साली पंधरा ऑगस्टला आम्ही तेथे गेलो होतो. त्या वर्षी मोठी मौज झाली. स्वातंत्र्यदिन, मरियामातेचा सण आणि रक्षाबंधन, तिन्ही एकाच दिवशी आले! मुली भावांना राख्या बांधत होत्या. वेळ कशी ठरवली, असे आम्ही सरपंचांना विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, पंधरा दिवस आधी सगळे एकत्र बसलो. आता तशी रीतच पडली आहे."

ही रीत आमच्या शाळेने घालून दिली असे आम्ही म्हणणार नाही. ती त्या आजीने घालून दिली. तिला लिहितावाचता येत नव्हते. पण "तुम्ही कोणाला विचारलेत का?" हा एकच प्रश्न तिने विचारला आणि त्यातून आम्ही जे शिकलो, ते आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

तुमच्या गावातही निरनिराळ्या देवांचे, निरनिराळ्या रीतींचे लोक असतील. येत्या पंधरा ऑगस्टची वेळ ठरवण्याआधी त्यांच्या घरी जा. त्यांना विचारा. झेंडा सगळ्यांचा आहे. तो चढताना खाली सगळे उभे असले पाहिजेत.

विचार करा आणि सांगा

१. पहिल्या वर्षी निम्मी मुले झेंडावंदनाला का आली नाहीत?

२. 'स्वर्गोन्नयन' आणि 'ध्वजारोहण' हे शब्द फोडून लिहा.

३. १५ ऑगस्ट १९४७ रोजी गोवा स्वतंत्र झाला का? तो कधी मुक्त झाला?

४. झेंड्याचे तोरण का करू नये?

५. तुमच्या गावात दोन सण एका दिवशी आले तर तुम्ही काय कराल? आपल्या शब्दांत पाच ओळी लिहा आणि घरी वाचून दाखवा.